मी बसलो की गाडी शहाणी

दसरा जवळ आला की लोकांना झेंडूची आठवण येते. मला येते डॅशबोर्डवरच्या एका पिवळ्या दिव्याची. इंजिनचं बारकं चित्र असलेला तो दिवा मोटार चालवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो आणि पाहून न पाहिल्यासारखं केलेलं असतं. धारणीच्या एका जीपवाल्याने तर त्यावर काळी टेप चिकटवली होती. "कावून चिकटवली?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सवाऱ्या घाबरतात जी." पुढे ती जीप मेळघाटात भर चढावर बंद पडली, तेव्हा सवाऱ्या घाबरल्या नाहीत, उतरून भांडल्या. मग आला माझ्याकडे.

माझी उमेदीची सगळी वर्षं मोटारींच्या पोटात हात घालण्यात गेली. आधी अकोल्यात गॅरेज, मग अमरावतीत. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा गॅरेज भाच्याच्या स्वाधीन केलं आणि मी नवा धंदा काढला: घरी जाऊन गाडी तपासायची. पाना-पेचकस भाच्याचे, निदान माझं. एका पिशवीत स्कॅनर, मीटर, टॉर्च आणि जुन्या बनियनचं फडकं घ्यायचं आणि एसटीत बसायचं. बायको म्हणाली, "लोकायच्या गाड्या सुधरवाले तुमी बसनं जाता, हे बरं दिसते का?" बरं दिसत नाही, पण बसमध्ये झोप छान लागते.

धंदा न समजणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आताच्या गाडीत एक छोटी संगणकाची पेटी असते. इंजिनच्या अंगाखांद्यावर बसवलेले सेन्सर तिला सतत खबर देत असतात: पाणी किती तापलं, हवा किती आली, आतला दांडा फिरत फिरत कुठवर पोचला. एखादी खबर येईनाशी झाली किंवा खोटी वाटली, की पेटी पिवळा दिवा लावते आणि एक कोड लिहून ठेवते. स्टेअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात स्कॅनर खोचला की तो कोड दिसतो. आता तर अंगठ्याएवढी बिनवायरची गुंडी मिळते; ती खोचायची आणि मोबाइलवर सगळं वाचायचं. कोणालाही जमतं. तुम्हीही घरच्या घरी करू शकता.

घोळ पुढे आहे. कोड वाचला म्हणजे दोष सापडला, असं लोकांना वाटतं. अमक्या सेन्सरचा कोड आला की सेन्सर बदला, दुकान जवळच आहे. अहो, एकत्र कुटुंबात पोर रडतं ते दिसतं, चिमटा काढणारं दिसत नाही. कोड म्हणजे ते रडणारं पोर. त्याला उचलून दुसरं पोर आणून ठेवलं तरी तेही रडणारच. चिमटा कोण काढतो ते शोधावं लागतं.

त्यासाठी माझी एक सवय होती, अजून आहे. गाडीला विचारायच्या आधी मी घराला विचारतो. तेल्हाऱ्याच्या एका कास्तकाराची नवी कोरी गाडी दर वर्षी पोळा झाला की आचके द्यायची. वर्षभर सुरळीत, पोळ्यानंतर आचके. मी कोड बघायच्या आधी विचारलं, "पोळ्याले काय करता?" तो म्हणाला, "काई नाई जी. बैल धुतो, तं लक्ष्मी म्हनून गाडीबी धुतो." कशाने? तर संत्र्याच्या झाडांवर औषध मारायच्या पंपाने. बोनेट उघडून, पूर्ण जोरात. मी म्हटलं, "भाऊ, बैलाले तोंडात पाणी मारता का?" त्या माणसाला इतकं हसू आलं की त्याने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पुढच्या पोळ्याला गाडीच्या वाट्याला ओलं फडकं आलं आणि आचके गेले.

पण आज मला सांगायची आहे ती व्हॅनची गोष्ट. माझ्या कामात मला स्वतःचा इतका अभिमान दुसऱ्या कुठल्याच गाडीने वाटू दिला नाही, आणि इतका घामही दुसऱ्या कुठल्या गाडीने काढला नाही.

अचलपूरकडून अमरावतीला येणाऱ्या रस्त्यावर एका गावात माळ्याचं एक घर आहे. दोघे भाऊ, फुलांची शेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. थोरले प्रल्हादभाऊ घरचे कर्ते. धाकट्या विलासच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला मनाई केली. घरात जुनी पेट्रोलची व्हॅन होती. फुलं अमरावतीच्या बाजारात रोज पोचवायची तर रोज प्रल्हादभाऊंनी कुठे कुठे जायचं? तेव्हा विलासची बायको रेखा परतवाड्याला जाऊन गाडी शिकली, लायसन काढलं आणि स्टेअरिंगवर बसली. आठवड्यातले बहुतेक दिवस ती, एखाद-दोन दिवस प्रल्हादभाऊ.

आणि व्हॅन फक्त रेखाच्या हातात बंद पडायची.

प्रल्हादभाऊंनी मला फोन केला तेव्हा हेच सांगितलं. "माह्या हाती कधी नाई पडली. धाकटीच्या हाती पडते. आसेगावच्या पुलाच्या इकडं-तिकडं आली का गचके देते न बंद. मंग दहा-पंधरा मिनिटं थांबलं का चालू. सेन्सर बदलून बदलून थकलो. लोकं म्हनतात पुलावर काई हाय, म्हनून लिंबूबी बांधला."

मी गेलो. अंगणात शेवंतीचा ढीग, त्याच्या बाजूला व्हॅन. बंपरला खरंच लिंबू-मिरच्या. प्रल्हादभाऊ खाटेवर बसले होते, आणि रेखा डोक्यावर पदर घेऊन दाराच्या आत. वऱ्हाडात नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरे म्हणतात. भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोने मोठ्याने बोलायचं नाही, आणि त्यांच्या शेजारी बसायचं तर नाहीच नाही. आता हे बरंचसं सुटलं आहे, पण त्या घरात पाळत होते. ही रीत लक्षात असू द्या, कारण या गोष्टीत तिनेही गाडी बंद पाडायला हातभार लावला आहे.

मी स्कॅनर लावला. कॅम सेन्सरचा कोड. इंजिनच्या आतला एक दांडा फिरताना कुठे आहे, हे हा सेन्सर पेटीला सांगतो. ती खबर तुटली की ठिणगी कधी टाकायची आणि पेट्रोल कधी सोडायचं हे पेटीला कळत नाही, आणि त्या व्हॅनमध्ये इंजिन गचकून बंद होतं. या व्हॅनला पुढे बोनेट नसतं. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या खाली असतं. सीट उचलायची, खालचं पत्र्याचं झाकण काढायचं, की इंजिन समोर. सेन्सर नवा होता, तिसऱ्यांदा बदललेला. वायर मोजली, ठीक. जोडणीचं प्लग हलवून पाहिलं, ओढून पाहिलं, काही नाही. त्या प्लगवरचं रबर कडक झालं होतं, झाकणाच्या कडेची रबरी पट्टी कोणीतरी काढून फेकली होती. पण एवढ्या जुन्या गाडीत कोणतं रबर मऊ राहतं? पाऊस संपलेला, वर सीट, पाणी येणार कुठून? सगळं कोरडं ठणठणीत होतं. गाडी सुरू केली, तासभर चालू ठेवली. एखाद्या गुणी मुलीसारखी चालली.

"पाहा," प्रल्हादभाऊ म्हणाले. "गाडीत काई नाई. हात नाई इचा. क्लच कुठी सोडाव, रेस किती द्याव, कळत नाई."

मी म्हटलं, "भाऊ, ड्रायवर चुकीचा गियर टाकेल, पण कॅम सेन्सरचा कोड नाही टाकू शकत."

"ड्रायवर म्हन्ता इले?" ते हसले. "स्टेअरिंग धरता येते, बस. दसऱ्याचा माल गेला का गाडी देऊन टाकतो. तेल्हाऱ्याचा एक जन पाहून गेला. मंग माल पाठवू दुसऱ्याच्या टेम्पोत."

दाराच्या आत बांगड्या हलल्या.

ठरलं असं, की दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीने गावात जायचं आणि रेखाच्या शेजारी बसून बाजारापर्यंत यायचं. दोष जिथे होतो तिथे आपण हजर असावं, हा माझ्या धंद्याचा अर्धा मंत्र आहे. गेलो. मागे फुलांची पोती भरलेली, त्यांवर ओलं बारदान. शेजारच्या सीटवर फडक्याने झाकलेली एक टोपली होती. रेखाने ती माझ्यासाठी उचलून मागे ठेवली आणि म्हणाली, "बसा काका." सीट जराशी ओलसर लागली. मला वाटलं, माझ्या मानासाठी धुऊन घेतली असेल.

गाव मागे पडलं तसा तिचा पदर खांद्यावर आला आणि आवाजही. काय गाडी चालवते ती बाई! मी आयुष्यभर लोकांच्या शेजारी बसून कानाने इंजिन ऐकत आलो आहे, मला पाच मिनिटांत कळतं. गियर असा पडायचा की पडलेला कळायचाही नाही. खड्डा आला की आधीच मऊ.

"काका," ती म्हणाली, "पयले अडत्या जो भाव दे तोच घ्या लागे. आता मी सोता उभी राह्यते. चार जागी विचारते. फुलं कोनती लवकर पायजे, कोनती नाई, मलेच समजून राह्यलं आता. गाडी गेली का मी पुन्हा वावरात निंदाले." गियर बदलून म्हणाली, "गाडी माह्याच हातानं बिघडत असन तं तसं सांगा. मी चाबी ठेवून देईन. पन खरं सांगजा, माह्यावर दया करून खोटं नोका सांगू."

आसेगावचा पूल आला. मी मोबाइलकडे डोळे लावून बसलो. पूल गेला. वलगाव आलं, गेलं. अमरावती आली. गाडी बंद पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मला काम होतं. गाडी आसेगावला बंद पडली. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, शेजारी बसलो. गाडी बाजारापर्यंत मुंगीसुद्धा न चिरडता आली. बाजारात हमाल मला ओळखायला लागले होते. एक जण म्हणाला, "काकाजी, तुमी रोजच बसत जा ना. तुमी बसले का गाडी शहानी होते." सगळे हसले. मीही हसलो, पण माझी हसायची पद्धत तेव्हा फार चांगली नव्हती.

घरात पाऊल टाकलं तोच प्रल्हादभाऊंचा फोन आला. "काय काका? मानूस शेजारी असला का नीट चालवते, एकटी असली का बंद पाडते. आनखी काय पुरावा पायजे? तेल्हाऱ्यावाल्याले हो म्हनून देतो."

मी खरोखर चिडलो. फोन ठेवला आणि तसाच येरझाऱ्या घालायला लागलो. दोष आहे, कोड आहे, आणि मी समोर गेलो की दोष लपतो. अकोल्यात माझ्या डोळ्यांदेखत लोकांनी अशा न सापडलेल्या दोषांपायी चांगल्या गाड्या मातीमोल विकल्या आहेत, आणि त्याची हळहळ मला अजून वाटते. पण इथे गाडीबरोबर एका बाईचं घराबाहेरचं सगळं जग विकलं जाणार होतं. कारण न सापडल्याची शिक्षा तिला होणार होती.

तेवढ्यात बायकोने मागून हाक मारली. "अवो, थांबा जरा. तुमची पँट मागून ओली कावून हाय? परवाबी होती. वयच झालं म्हना!"

"तुला मस्करी सुचते," मी म्हटलं. "सीट ओली होती तिच्या गाडीची."

"दोनी दिवस?"

मी जागच्या जागी थांबलो. दोन्ही दिवस. रोज कोणी सीट धुतं का? आणि मग सगळं सरसर डोळ्यांसमोर आलं. टोपली! फडक्याने झाकलेली, ओली टोपली. मी बसणार म्हणून दोन्ही दिवस तिने ती उचलून मागे ठेवली होती. म्हणजे मी बसायचो तेव्हा सीटवर टोपली नसायची. मी नसायचो तेव्हा असायची. दोष पकडायला गेलेला मी स्वतःच रोज दोषाला उचलून त्याच्या जागी बसत होतो! बायकोचे मी असे काही आभार मानले की तिला वाटलं, माझं डोकं फिरलं.

रेखाला फोन लावला. टोपली कसली?

"देवीची," ती म्हणाली. "पयला तोडा देवीचा, पयली तोडलेली फुलं. घरची पद्धत हाय. बाजारात जायच्या आधी देवळात देते. मागं नाई ठेवत, हमालायचे पाय लागतात. म्हनून माह्या बाजूले ठेवते, ओलं फडकं टाकून. फुलं ताजी राहाले पायजे ना."

"आणि तुमचे भासरे नेतात तेव्हा?"

"त्यायच्यासंग त्यायचे दोस्त बसतात ना पुढं. थे टोपली कॅरियरवर बांधतात."

आता कळलं? ती एकटी असली की शेजारी देवीची टोपली. भासरे गेले की तिथे दोस्त. मी गेलो की तिथे मी. आणि भासरे तिच्या शेजारी कधीच बसणार नाहीत, म्हणून तिच्या गाडीत काय कुठे ठेवलेलं असतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. घरातल्या प्रत्येकाने आपापली रीत नीट पाळली, आणि गाडी बंद पडली.

पण हा झाला तर्क. तर्कावर मी कोणाला कधी बिल दिलं नाही. माझ्या धंद्याचा उरलेला अर्धा मंत्र असा: दोष आपल्या हुकमाने आणता आला आणि आपल्या हुकमाने घालवता आला, तरच तो सापडला म्हणायचं. मी प्रल्हादभाऊंना पुन्हा फोन केला. "उद्या तुम्ही फटफटीवर गाडीच्या मागे या. गाडी बंद पडली आणि कारण मी तुमच्या हातात नाही दिलं, तर तेल्हाऱ्याच्या माणसाला मी स्वतः फोन करतो."

"न बंद नाई पडली तं?"

"तरी करतो."

रात्रभर मला हे शब्द आठवत राहिले.

सकाळी गावात पोचलो तेव्हा रेखाने सवयीने टोपलीला हात घातला. "ठेवा तिथेच," मी म्हटलं. "आज मी मागे बसणार." आणि या वयात, या गुडघ्यांनिशी, मी झेंडूच्या पोत्यांत जाऊन बसलो. खाली ओलं बारदान, नाकात झेंडूचा वास, हातात मोबाइल. मागच्या काचेतून फटफटीवरचे प्रल्हादभाऊ दिसत होते, तोंडावर रुमाल बांधलेला.

देवीच्या सीटकडे मी बघत होतो. फडक्यातून पाणी थेंब थेंब सीटच्या रेक्झिनवर उतरत होतं, मागच्या बाजूच्या शिवणीत साचत होतं आणि शिवणीतून खाली जात होतं. खाली झाकण. झाकणाची रबरी पट्टी फेकलेली. बाकी सगळं मी न पाहताही मला दिसत होतं. रस्ता चांगला होता तोवर काही झालं नाही. मग पुलाच्या अलीकडचा उखडलेला पट्टा आला, गाडी हिंदकळली, आणि मोबाइलवर सेन्सरचा आकडा एकदम उड्या मारायला लागला.

"काका, गचका आला!" रेखा ओरडली.

"येऊ द्या!" मी ओरडलो. "बाजूला घ्या!"

इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, पिवळा दिवा लागला आणि गाडी आपल्या अंगच्या वेगाने बाभळीखाली जाऊन उभी राहिली. "पडली! बंद पडली!" म्हणून मी पोत्यांत अक्षरशः टाळ्या पिटल्या. गाडी बंद पडल्याचा इतका आनंद वऱ्हाडात कोणाला झाला नसेल. प्रल्हादभाऊ फटफटी लावून आले तर मी केसांत झेंडूच्या पाकळ्या घेऊन उतरत होतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बिचाऱ्याला पुलावरचं काही लागलं.

"कोणी हात लावू नका," मी म्हटलं. टोपली उचलून रेखाच्या हातात दिली. सीट उचलली, झाकण काढलं. "या भाऊ, बघा."

ते वाकले. सेन्सरच्या प्लगवर पाणी चमकत होतं, आणि बाजूच्या गरम लोखंडावर पडलेल्या थेंबाची वाफ होत होती. दहा-पंधरा मिनिटांत इंजिनच्या धगीने ते सगळं वाळून गेलं असतं. गाडी चालू झाली असती. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत तिथे पाणी होतं याची खूणही राहिली नसती. म्हणून तीन मेकॅनिकांना कोरडं प्लग दिसलं, आणि मलाही.

मी प्लग काढलं, फडक्याने पुसलं, फुंकलं, परत बसवलं. "मारा सेल्फ," म्हटलं. गाडी पहिल्या सेल्फला चालू.

प्रल्हादभाऊ काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. म्हणाले, "पुसलं म्हनून चालू झाली कशावरून? तशीबी थोड्या टाइमानं होतेच."

मला हा प्रश्न इतका आवडला, की त्यांना मिठी मारावीशी वाटली. मी टोपलीवरचं ओलं फडकं काढून त्यांच्या हातात दिलं. "मी नाही, तुम्ही करा. या प्लगवर पिळा."

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा फडक्याकडे पाहिलं आणि पिळलं. पाण्याची बारीक धार प्लगवर पडली. क्षणभर काही नाही. मग इंजिन खोकलं. आणि बंद.

भासऱ्यांच्या हातात ओलं फडकं, आणि रेखाचे हात स्टेअरिंगवरून दूर, मांडीवर. गाडी त्यांच्या हाताने बंद पडली होती.

"पुन्हा पुसू?" मी विचारलं.

"पुसा," ते म्हणाले. पुसलं, चालू झाली. त्यांनी न सांगता स्वतःच पुन्हा पिळलं. बंद. मग मला हसूच आवरेना. रेखा तोंडाला पदर लावून रडत होती की हसत होती, ते मला अजून नीट सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

"काका," ती म्हणाली, आणि भासरे समोर असूनही आवाज चांगला मोठा होता, "माहा हात नव्हता ना?"

"नव्हता, पोरी," मी म्हटलं. "तुझा हात तर माझ्या भाच्यापेक्षा चांगला आहे." मलाही भरून आलं होतं. सेन्सरच्या धंद्यात माणसाचे डोळे असे फार वेळा भरत नाहीत.

माल बाजारात वेळेवर पोचला. भाच्याच्या गॅरेजमध्ये दुपारी नवं प्लग बसवलं, रबरासकट, आणि झाकणाला नवी पट्टी लावली. मी म्हटलं, खबरदारी म्हणून टोपली मागे ठेवत जा. तर आतापर्यंत सगळं ऐकणारी रेखा म्हणाली, "नाई. देवीची टोपली पुढंच राह्यीन." आता बोला! शेवटी आमच्या घरातली एक खोलगट परात तिला दिली, टोपलीखाली ठेवायला. पाणी परातीत. बायको म्हणाली, "गाडीच्या सामानात परात पयल्यांदाच पाह्यली." मी म्हटलं, ओल्या पँटचा शोध तुझा, परात तुझी, बक्षीसही तुझंच.

प्रल्हादभाऊंनी त्या दिवशी बाभळीखालूनच फटफटी वळवली आणि गेले. मला जरा वाईट वाटलं. माणसाने एवढं तरी म्हणावं, की चुकलं बाप्पा.

मग दसरा उजाडला. आमच्याकडे दसऱ्याला अवजारांची पूजा होते. पाटावर जुने पाने मांडतो आणि त्यांच्या मधोमध स्कॅनर. कुंकवाचं बोट लावत होतो, तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. व्हॅन होती. पुढे झेंडूचं तोरण, आणि बंपरवरचे लिंबू-मिरच्या गायब. स्टेअरिंगवर रेखा. शेजारच्या सीटवर आमची परात, परातीत देवीची टोपली. ती माझ्या स्कॅनरसाठी हार घेऊन आली होती, हातभर लांब. एवढ्याशा यंत्राला तो चार वेढे बसला.

मी व्हॅनच्या मागे गेलो. मागच्या काचेतून आत एक पांढरी टोपी दिसली. दार उघडलं तर झेंडूच्या पोत्यांमध्ये पाय पोटाशी घेऊन प्रल्हादभाऊ बसलेले. खांद्यावर पाकळ्या, एका हाताने वरचा दांडा धरलेला. मी जिथे बसलो होतो, अगदी त्याच जागी.

"भाऊ, मागे कावून बसले?" मी विचारलं.

"मंग कुठी बसू?" ते म्हणाले. "पुढच्या दोनच जागा. एक देवीची, एक ड्रायवरची. मी तं सवारी हाव."

रेखाने आरशातून मागे पाहिलं. डोक्यावर पदर होता, पण आवाज तोच होता जो मी गावाबाहेर ऐकला होता. "दादा, दांडा नीट धरा. बाजाराची वेळ झाली."

त्यांनी दुसऱ्या हातानेही दांडा धरला. तिने किल्ली फिरवली, किल्लीबरोबर लागतो तसा पिवळा दिवा लागला, इंजिन सुरू झालं आणि दिवा विझला.